पेज आणि कढण

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, सावित्रीच्या आणि तिला येऊन मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या वाड्यांमधून, कोणी अंथरुणास खिळले की घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून पहिला प्रश्न औषधाचा निघत नाही; ‘पेज दिली का?’ असा निघतो. तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवून, चिमूटभर मीठ घालून केलेली ही पेज तापकऱ्यास, बाळंतिणीस, दात गेलेल्या म्हाताऱ्यास आणि आईचे दूध नुकतेच सुटलेल्या मुलास सारख्याच मायेने पाजली जाते. ज्या घरात दोन वेळच्या भाताची भ्रांत होती तेथे हीच पेज निरोग्याचेही अन्न होती, आणि म्हणूनच ती नाकारणे हे आमच्याकडे केवळ अन्न नाकारणे नसते, तर देणाऱ्या हातालाच नको म्हणणे असते.

काही वर्षांपूर्वी महाड तालुक्यातल्या तळीये गावाच्या अलीकडच्या एका वाडीत, आमच्या आत्याच्या ओटीवर, असा नकार मी पाहिला. माझा आतेभाऊ मुंबईस एका कचेरीत नोकरीला. इकडच्या बहुतेक घरांतला एखादा तरी मुलगा मुंबईस असतोच, तसा तोही होता. वीस वर्षांच्या बैठ्या कामाने, पाळ्यांच्या जागरणाने आणि स्टेशनबाहेरच्या खाण्याने त्याचे वजन सव्वाशे किलोच्या पुढे गेले होते. मधुमेह जडला होता, आणि रात्री झोपेत श्वास अडून तो दचकून उठत असे. डॉक्टरांनी वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेची शिफारस केली, तारीख ठरली, आणि तिच्यापूर्वी पंधरा दिवस केवळ पातळ आहार घेण्याचा छापील कागद त्याच्या हाती पडला. त्याच पंधरवड्यात घरच्या देवकार्यासाठी तो गावी आला. मुलगा जेवत नाही, पातळच घेतो, एवढे कळताच आत्याने मोठ्या हौसेने वाटीभर पेज समोर आणून ठेवली. आणि त्याने ती हलकेच बाजूला सारून पिशवीतला पुडा काढला व त्यातली पूड पाण्यात कालवून प्यायला सुरुवात केली. “आरं, पातळच लागतंय ना तुला? मग पेजंनं काय घोडं मारलं?” असे आत्या म्हणाली. त्याला उत्तर देता आले नाही; मलाही आले नाही. आत्या वाटी घेऊन आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिचा प्रश्न अत्यंत रास्त होता, आणि त्याला मिळायला हवे होते ते उत्तर पुढे जाणत्या मंडळींकडून समजावून घेतल्यावर मला जसे उमगले तसे येथे मांडतो आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडे. अतिस्थूल देहाचे वजन शस्त्राने उतरविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले, आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्यास जोडण्याची जी रीत सुरू केली, तिच्यातूनच आजचा ‘बायपास’ सिद्ध झाला. हल्ली आपल्याकडे त्याहूनही अधिक प्रचारात असलेली दुसरी रीत ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखली जाते. तीत जठराच्या बाहेरच्या फुगीर बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात, आणि मागे राहते ती सदऱ्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी. काढून टाकलेल्या भागातच भूक चेतविणारा घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे स्रवत असल्यामुळे जागा कमी होते त्याबरोबर भूकही मंदावते. दोन्ही शस्त्रक्रिया आता पोटावर चार-पाच छिद्रे पाडून, दुर्बिणीतून होतात. मुंबई-पुण्यात त्या नित्याच्या झाल्या आहेत. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हापासून आमच्या गावच्या चावडीवरही तिची चर्चा ऐकू येऊ लागली.

आता आत्याच्या प्रश्नाकडे वळू. शस्त्रक्रियेपूर्वीचा पातळ आहार जठरासाठी असतो, पोट ‘रिकामे आणि स्वच्छ’ व्हावे म्हणून असतो, असा जवळजवळ सर्वांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. पोट रिकामे व्हावयास एक रात्र पुरते. त्यासाठी पंधरा दिवस कशाला हवेत? तो आहार असतो यकृतासाठी. उजव्या बरगडीखाली वसलेल्या या अवयवाची डावी पाळ जठराच्या वरच्या टोकावर, अन्ननलिका जेथे जठरास मिळते नेमक्या त्या जागी, झाकणासारखी पसरलेली असते, आणि शल्यचिकित्सकास त्या झाकणाखालीच काम करावयाचे असते. निरोगी माणसाचे यकृत दीड किलोच्या आसपास भरते. परंतु अतिस्थूल माणसाचे, आणि त्यातही मधुमेह असलेल्याचे यकृत मेदाने भरून सुजते, जड होते, ठिसूळ होते. ते उचलून धरण्यासाठी लावलेल्या पट्टीने त्याला चीर पडून रक्त वाहू लागण्याचा धोका असतो, आणि कधी कधी तर ते इतके मोठे निघते की खालचे जठर दिसतच नाही. मग दुर्बीण काढून घेऊन सारे पोट उघडावे लागते, अथवा शस्त्रक्रिया तशीच थांबवावी लागते.

हे यकृत आकसते कसे, याचे गणित जितके सोपे तितकेच सुंदर आहे. आपण खाल्लेल्या पिष्टाची आणि साखरेची काही बेगमी यकृत ग्लायकोजेन या रूपाने करून ठेवते. प्रौढ माणसाच्या यकृतात ही बेगमी साधारणपणे शंभरेक ग्रॅम असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. बाहेरून पिष्ट येणे थांबले की यकृत ही शिल्लक मोडू लागते. ती संपताना तिच्याबरोबरचे पाणीही निघून जाते, आणि मग साठविलेल्या मेदाला हात घालण्यावाचून शरीरास गत्यंतर उरत नाही. ऑस्ट्रेलियात बत्तीस रुग्णांना बारा आठवडे असा अल्पोष्मांकी आहार देऊन यकृताची मापे घेणारा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात यकृताचे आकारमान सरासरीने सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटलेले आढळले. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की त्यातली ऐंशी टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झालेली होती. पंधरा दिवसांच्या मुदतीचा आधार हा असा आहे. ज्याचे यकृत फारच मोठे असेल त्याला डॉक्टर ती वाढवून देतात, तर काही ठिकाणी आठवड्यावरही भागवितात. युरोपातील काही रुग्णालयांनी मिळून सुमारे पावणेतीनशे रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली प्रकाशित झालेल्या दुसऱ्या एका परीक्षणात असे दिसले, की चौदा दिवसांच्या अशा आहाराने शस्त्रक्रियेचा वेळ फारसा वाचला नाही, पण ती करणाऱ्यांना ती सोपी वाटली आणि पुढील तीस दिवसांतल्या गुंतागुंती कमी झाल्या.

म्हणजे पातळपणा हा या आहाराचा प्राण नव्हेच. पिष्टाचा अभाव हा त्याचा प्राण आहे. दिवसाकाठी साधारण आठशे उष्मांक, पुरेसे प्रथिन, आणि पिष्ट व साखर अगदी जेमतेम, एवढे त्याचे सूत्र. हे ध्यानात घेतले म्हणजे पेजेने काय घोडे मारले त्याचा उलगडा होतो. पेज कितीही पातळ असली तरी ती तांदळाचे पाणी, अर्थात निव्वळ पिष्ट. जी कोठी रिकामी करण्यासाठी पंधरा दिवसांचे हे व्रत मांडले, तीच कोठी पेजेच्या दर वाटीगणिक पुन्हा भरत राहणार. नाचणीची आंबील, साबुदाण्याची खीर, आरारूट, उसाचा रस, भरपूर प्यालेले शहाळ्यातले गोड पाणी, फळांचे रस ही सारी ‘हलकी’ म्हणून नावाजलेली मंडळी या पंधरवड्यापुरती याच अपराधात सामील आहेत. घरच्या जिनसांपैकी त्या काळात चालतात त्या साय काढलेल्या दुधाच्या, पातळ ताकाच्या, भाज्यांच्या साध्या सुपाच्या जातीच्या; आणि त्याही डॉक्टरांनी वा आहारतज्ज्ञांनी नेमून दिलेल्या मापानेच.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे मला कर्तव्य वाटते. या आहाराने पंधरा दिवसांत वजनाचा काटा झपाट्याने उतरतो, आणि मग शेजारच्याला वाटते, की शस्त्रक्रियेच्या भानगडीत न पडता आपणही हाच मार्ग धरावा. अमेरिकेत १९७६-७७ च्या सुमारास अशीच एक लाट आली होती. रॉबर्ट लिन नावाच्या डॉक्टरांच्या एका खपाऊ पुस्तकाने द्रव प्रथिनावर जगण्याचा मंत्र दिला, आणि जनावरांची कातडी, कंडरा यांपासून काढलेले हलक्या प्रतीचे प्रथिन पिऊन हजारो लोक महिनोन्‌महिने उपाशी राहिले. त्यांपैकी पन्नासाहून अधिक माणसे दगावली, त्यांतली बरीचशी हृदयाचे ठोके अकस्मात बिघडून. आजच्या पुड्या त्या प्रतीच्या नाहीत. त्यांत उत्तम प्रथिन, क्षार आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. तरीही हा आहार म्हणजे औषधच होय, आणि औषधाप्रमाणेच तो देखरेखीखाली, ठराविक मुदतीपुरता घ्यावयाचा असतो. मधुमेह्याने तर विशेष सावध राहावे. आहार एकाएकी आठशे उष्मांकांवर आला आणि इन्सुलिन किंवा गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालू राहिल्या, तर रक्तातली साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या तर या काळात बंदच कराव्या लागतात, नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्लता साठून जिवावर बेतू शकते. औषधांचा हा फेरबदल स्वतःच्या मनाने कोणी करू नये. पण तो झाला आहे की नाही, हे रुग्णाने डॉक्टरांना स्वतः होऊन विचारावे.

देखरेखीखाली दिलेल्या द्रव आहाराचे सामर्थ्य साऱ्या जगाने पाहिले ते मुंबईतच. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाची इमान अहमद ही छत्तीस वर्षांची स्त्री मालवाहू विमानाने मुंबईस आणली गेली. तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात असल्याचे सांगितले जात होते, आणि सुमारे पंचवीस वर्षे ती घराबाहेर पडलेली नव्हती. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने तिला थेट शस्त्रक्रियेच्या मेजावर घेतले नाही. घेणे शक्यही नव्हते. आधी काही आठवडे तिला पातळ आहारावर ठेवून, शरीरात साचलेले पाणी उतरवून, तिचे वजन शंभर किलोंहून अधिक घटविण्यात आले, आणि त्यानंतर ७ मार्च रोजी तिच्यावर ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने जे निवेदन काढले त्यातही ती केवळ द्रव पदार्थांवर आहे आणि ते तिला मानवत आहेत, याची नोंद होती. मे महिन्यात तिला पुढील उपचारांसाठी अबू धाबीस नेण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचे देहावसान झाले. हृदय आणि मूत्रपिंडे यांच्या विकारांनी तिला गाठले. त्या काळी वृत्तपत्रांनी तिच्या वजनाचे आकडे चवीने छापले. मला त्या साऱ्यात लक्षात राहिली ती शस्त्रापूर्वीच्या त्या चोवीस दिवसांची निगुती, जिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले.

शस्त्रक्रिया झाली की सारे प्रयोजन पालटते. आता प्रश्न यकृताचा राहत नाही. तो त्या नव्या, अरुंद जठराचा होतो. स्टेपलर नावाच्या उपकरणाने जठर कापता कापताच त्याची कड बारीक धातूच्या टाक्यांनी शिवलेली असते, आणि ही लांबच लांब शिवण नीट सांधून यावयास कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत घट्ट अन्नाचा घास गेला, किंवा एकाच वेळी फार प्यायले गेले, तर आतला दाब वाढून शिवणीवर ताण येतो. आणि एखाद्या ठिकाणी ती उसवली तर जठरातला रस पोटात पाझरतो. हा प्रकार शंभरांत एखाद्याच्या वाट्याला येतो, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचे महिने रुग्णालयात जातात. म्हणून पहिले एक-दोन दिवस नितळ पाण्यासारखे पदार्थ, पुढे सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताकाच्या जातीचे दाट द्रव, मग दोनेक आठवडे गाळून-घोटून केलेले मऊ अन्न, आणि साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास चावून खावयाचा घास, असा क्रम लावलेला असतो. रुग्णालयागणिक त्यात चार दिवसांचे मागेपुढे होते. क्रम मात्र बदलत नाही.

हा क्रम वाचताना आयुर्वेदाशी परिचय असलेल्या कोणालाही ‘संसर्जन क्रमा’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वमन, विरेचन यांसारख्या शोधनानंतर रुग्णास एकदम जेवणावर न आणता प्रथम पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाटसर मऊभात, मग मुगादींचे यूष म्हणजे कढण, आणि शेवटी मांसरस अशा पायऱ्यांनी चढवीत नेण्याचा हा दंडक चरकाच्या परंपरेत सविस्तर सांगितला आहे. आणि ज्या चरकाने निंदित देहांच्या आठ प्रकारांत अतिस्थूलास गणले, त्यानेच त्याच्या क्षुधेची आणि कष्टांची चिकित्साही मन लावून केली आहे. दोहोंमागचा विचार वेगळा आहे, तेथे मंदावलेला अग्नी हळूहळू चेतवावयाचा असतो तर येथे शिवण राखावयाची असते, हे मी विसरत नाही. परंतु आमच्या आत्याच्या पेजेला, कढणाला आणि मऊभाताला या पायऱ्यांवर एकेक मानाची जागा फार पूर्वीपासून आहे, आणि रुग्णालयाचा छापील कागद घरात येतो तेव्हा तो अगदी परका म्हणून येत नाही, एवढे मला त्यातून दिसते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत मोठा शत्रू भूक नव्हे, तहान आहे. किंबहुना तहान न भागणे हा आहे. दिवसाला निदान दीड लिटर द्रव पोटात जावयास हवे, आणि एका वेळी मात्र औषधाच्या लहान टोपणभर, म्हणजे तीस मिलिलिटरांच्या आसपासच घेता येते, तेही चमच्याने वा घोट घोट. दर पाव तासास तीस म्हटले तरी तासाला एकशेवीस होतात. आणि दीड लिटर पुरे करावयास साडेबारा तास लागतात. सकाळी सहाला सुरुवात करावी तर संध्याकाळचे साडेसहा वाजतात, आणि मधे एकही पाव तास चुकविण्याची सोय नाही. माझ्या आतेभावाने यासाठी मोबाइलचा गजर लावला होता. गावी आल्यावर आत्याने तो गजर बंद करायला लावला आणि ते काम स्वतःकडे घेतले. ज्या बाईला घड्याळ नीट वाचता येत नव्हते ती शाळेच्या घंटेवर, एसटीच्या फेऱ्यांवर आणि उन्हाच्या कवडशावर बारा तास टोपण मोजीत बसे. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागणाऱ्यांत अंगातले पाणी कमी झालेल्यांचा भरणा मोठा असतो. लघवी गडद पिवळी होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड कोरडे पडणे या खुणा दिसल्या की वेळ गमावू नये. कोकणातल्या पावसाळी गारव्यात तहान लागतच नाही, हे येथे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

पाण्याच्या खालोखाल प्रश्न येतो प्रथिनाचा, आणि येथे आपल्या स्वयंपाकघरातल्या एका फार जुन्या, फार प्रेमळ गैरसमजाशी गाठ पडते. डाळीचे पाणी ‘ताकदीचे’ असते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. वास्तविक डाळ शिजवून वरचे जे नितळ पाणी काढतात त्यात थोडे क्षार, थोडे पिष्ट आणि चव उतरते. प्रथिन बहुतांशी खाली दाण्यातच राहते. कोंबडीच्या नितळ सुपाचेही थोडेफार असेच. मुगात शंभर ग्रॅमांस चोवीसेक ग्रॅम आणि आमच्याकडच्या कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिन असते खरे, पण ते पदरात पडावयाचे तर दाणा मऊ शिजवून, घोटून, चोथा तेवढा गाळून कढणातच उतरवावा लागतो. आणि असे दाटसर कढण पहिल्या दिवसांत नव्हे, डॉक्टरांनी दाट द्रवाची परवानगी दिल्यावरच घ्यावयाचे असते. पेजेचा हिशेब तर त्याहून पडका. वीस ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पातळ पेजेत प्रथिन असते जेमतेम दीड ग्रॅम, आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसास दिवसाला हवे असते साठ ते ऐंशी ग्रॅम. साय काढलेल्या दुधात शंभर मिलिलिटरांस साडेतीन ग्रॅमांच्या आतबाहेर प्रथिन धरले तरी साठ ग्रॅमांसाठी पावणेदोन लिटर दूध प्यावे लागेल, आणि ते त्या चिमुकल्या जठरास झेपावयाचे नाही. म्हणूनच दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीपासून काढलेल्या प्रथिनाच्या त्या पुडीवाचून पहिल्या आठवड्यांत गत्यंतर नसते. ती श्रीमंती चैन आहे असे जे मला पूर्वी वाटत असे ते चुकीचे होते. प्रथिन कमी पडले की शरीर मेदाऐवजी स्नायू मोडून खाते, जखम भरण्यास विलंब होतो, आणि तीन-चार महिन्यांनी केस मूठमुठीने गळू लागतात. थोडेफार केस तर काळजी घेऊनही गळतातच, आणि पुढे परत येतात, हे विशेषतः स्त्रियांना आधीच सांगून ठेवले पाहिजे, कारण त्या भीतीने हवालदिल झालेल्या मी पाहिल्या आहेत.

द्रव पदार्थ हे या मार्गावरचे मित्र खरे, पण त्यांच्यात वैरीही लपलेले असतात. जठर लहान केले तरी पातळ गोड पदार्थ त्यातून सहज वाहून जातो. त्याला अडविणारे काही नसते. भाकरीचा चतकोर ज्याला संपत नाही तोच माणूस आइस्क्रीम, बासुंदी, मिल्कशेक आणि साखरेचा चहा दिवसभर घोट घोट पीत राहून उतरलेले वजन पुन्हा चढवू शकतो, आणि असे करणारे थोडेथोडके नाहीत. ‘बायपास’ झालेल्यांना तर साखरेचा घोट थेट आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात मुरडा आणि गळून गेल्याची भावना असा त्रास होतो. सोड्याची पेये वायूमुळे वर्ज्य. मद्य तर फारच थोड्यात आणि फार लवकर चढते. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे लागते, आणि जेवताना तांब्या जवळ घेऊन बसण्याची आपली वहिवाट मोडावी लागते. माझ्या आतेभावाला सर्वांत जड गेले ते हेच.

आता या लेखाच्या भूगोलाविषयी, ज्याच्याकडे मुंबई-पुण्याच्या छापील कागदांत साहजिकच लक्ष जात नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. त्या दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, वाटा तुटल्या होत्या, आणि बाहेरची कुमक पोहोचावयास दुसरा दिवस उजाडावा लागला. तोवर ढिगारे उपसले ते आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी. त्या मृतांचे दुःख एखाद्या दुसऱ्या विषयाच्या ओघात सहज उल्लेखून पुढे जाण्याजोगे नाही, याची मला जाणीव आहे. पण ज्या मुलखात आषाढ-श्रावणात घाट बंद पडतात आणि वीज दोन-दोन दिवस जाते, त्या मुलखात परतणाऱ्या रुग्णाने हे स्मरण ठेवून आपली तजवीज केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. शस्त्रक्रियेची तारीख पावसाळ्यात धरू नये. केव्हाही धरली तरी पहिले पंधरा-वीस दिवस मुंबईतल्या नातलगांकडे, रुग्णालयापासून तास-दीड तासाच्या आत काढावेत, कारण शिवण उसवण्याचा धोका या आरंभीच्या आठवड्यांतच अधिक असतो, आणि त्याच्या खुणा ओळखता आल्या तरी त्यांवरचा उपाय तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होण्यासारखा नसतो. नाडी मिनिटास एकशेवीसवर जाऊन तेथेच राहणे, ताप, पोटात अथवा डाव्या खांद्यात कळ, धाप, ही त्या खुणांची यादी घरातल्या शिकलेल्या मुलाने भिंतीवर लिहून ठेवावी. वारंवार उलट्या होऊन दोन-चार दिवस काहीच ठरत नसेल तर तेही दुर्लक्षिण्याजोगे नव्हे. थायमिन हे जीवनसत्त्व त्यात इतके घटते की दृष्टी, तोल आणि स्मृती यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो, आणि ते वेळीच शिरेतून दिल्यास तो टळतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. विमा नियामकांच्या नियमांनुसार, रुग्ण अठरा वर्षांवरील असेल, देहभारांक (बीएमआय) चाळीस किंवा त्याहून अधिक असेल, अथवा पस्तीस असून जोडीला मधुमेहासारखा गंभीर विकार असेल, आणि साधे उपाय करून झाले असतील, तर या शस्त्रक्रियेस विम्याचे संरक्षण मिळू शकते. मात्र पॉलिसीच्या दस्तऐवजातली प्रतीक्षेची मुदत आधी वाचावी. पातळ आहाराच्या पुड्यांचा आणि पुढे जन्मभर घ्यावयाच्या ब-१२, ड, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरच्या हिशेबातच धरावा लागतो, आणि तो धरल्याशिवाय कोणी शस्त्रक्रियेस तयार होऊ नये, असे माझे मत आहे. महाडच्या औषधाच्या दुकानात या गोळ्या मिळतात. रक्ताच्या तपासण्यांसाठी वर्षातून एकदा तरी मोठ्या गावी जाणे भाग असते.

माझा आतेभाऊ शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी गावी आला. त्याच्या त्या कागदातला तपशील मी आत्याला वाचून दाखविला, त्या पंधरा दिवसांची आणि यकृताची गोष्टही सांगितली, तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, “हे तवाच सांगायचं व्हतं.” मग तिने मूग भाजून, मऊ शिजवून, घोटून, पंचाच्या फडक्यातून गाळून कढण केले, आणि त्याने ते चमच्याचमच्याने वीस मिनिटांत अर्धी वाटी घेतले. सहाव्या आठवड्यात तिने नदीतल्या माशाचा काटे काढलेला एक तुकडा मऊभाताशेजारी ठेवला. तो तुकडा संपावयास अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ ती समोर बसून होती. तांब्या तिने आपल्या पाठीमागे, त्याचा हात पोहोचणार नाही असा ठेवला होता.